घणदादाने आवळलेला नट

घणदादाने आवळलेला नट आणि घणदादाने हासडलेली शिवी, दोन्ही परत घेता येत नाहीत, असं चढावरचे सगळे गॅरेजवाले म्हणत. शिवी निदान विसरता यायची. नट मात्र कापूनच काढावा लागे.

घणदादा ट्रकचे कमानपाटे ठोकायचा. ट्रकच्या पोटाखाली, चाकांच्या वर, पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. गाडीचा सगळा भार आणि रस्त्याचा सगळा मार त्याच खातात. बसलेले पाटे भट्टीत लाल करायचे, ऐरणीवर टाकायचे आणि घणाचे घाव घालून त्यांची गेलेली कमान परत आणायची, हे काम तो सतराव्या वर्षापासून करत आला होता. आता साठी उलटली होती. उजवा दंड डाव्यापेक्षा इतका जाड झाला होता, की शिंपी त्याच्या दोन बाह्यांची मापं वेगळी घेई आणि वर म्हणे, "दादा, शिलाई दोन माणसांची लावायला हवी."

मारणं हे त्याचं काम होतं, आणि काम घरी आणू नये ही अक्कल त्याला फार उशिरा आली. एकोणिसाव्या वर्षी त्याने मुकादमाचा जबडा मोडला, कारण मुकादमाने त्याची सांडशी पायाने सरकवली. सख्ख्या धाकट्या भावाला त्याने एकदा असा ठोकला, की भावाने गाव सोडलं आणि मग पत्रही पाठवलं नाही. आणि तिशी सरली त्या वर्षी, जेवणावरून झालेल्या भांडणात, त्याने दार धाडकन लावून घेतलं तेव्हा बायकोचा हात चौकटीवर होता. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडी होती. त्या आवाजानंतर त्याने घरात कुणावर हात उचलला नाही. बाहेर मात्र तो घणदादाच राहिला. बायकोही त्या बोटांविषयी कधी बोलली नाही. फक्त भांडी घासून झाली की ती दोन बोटं सरळ करायचा प्रयत्न करी. रोज. त्याच्यासमोर.

तिची आणि त्याची एकच मुलगी. लहानपणी सायकल उलटी करून चाकं गरगर फिरवत बसायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. चढाच्या माथ्यावर इस्पितळ होतं, तिथल्या धुलाईखान्यात ती कामाला होती. चढाच्या पायथ्याशी मोठा रस्ता, तिथे क्रेनवाल्यांचा अड्डा, आणि अड्ड्यामागे तिचं सासर. नवरा क्रेनवाला. उलटलेले ट्रक उचलायचा. माहेर मधोमध, चढाच्या पोटात, घणदादाच्या भट्टीला लागून.

एका सकाळी भिंगरी माहेरच्या फाटकातून आत आली ती उजवा पाय ओढत. गुडघा घागरीएवढा सुजला होता. ओठ फाटला होता.

"जिन्यावरून पडले," ती म्हणाली.

आईने तिला बसवलं, गुडघ्यावर ओलं फडकं ठेवलं आणि म्हणाली, "मागच्या वेळी न्हाणीघरात पडलीस. त्याच्या आधी दाराला धडकलीस. तुझ्या घराला डोळे नाहीत वाटतं."

भिंगरी रडली नाही. म्हणाली, "पडल्यावर तो गुडघ्यावर उभा राहिला. बूट घालून. म्हणाला, आता जा कामाला."

घणदादा भट्टीशी गेला, मोठा घण उचलला आणि फाटकाकडे निघाला. बायको आडवी आली.

"बाजूला हो."

"होते की. पण आधी ऐका, तुमची लेक काय म्हणते ते."

भिंगरी भिंतीला धरून उभी राहिली होती. "बाबा, तुम्ही त्याला हात लावलात, तर मी या घरातही राहणार नाही. खोली बघेन, इस्पितळाच्या पायरीवर झोपेन, पण इथे नाही."

"अगं, तुझ्यासाठीच—"

"तोही माझ्यासाठीच मारतो. शिस्त लागावी म्हणून." तिने फाटक्या ओठावर हात ठेवला. "दोन्ही घरांत तोच आवाज ऐकायचा, तर मी घर बदललं कशाला? मला मारणारा नको, बाबा. एक मारणारा पुरे झाला. मला तो चढ चढून कामावर जाता येईल असं काहीतरी द्या."

घण खाली आला. जमिनीवर टेकला तेव्हा फरशी तडकली.

खरी अडचण चढाचीच होती. बस सुटायची ती क्रेनच्या अड्ड्यासमोरून. पायी चढायचं तर गुडघा साथ देईना. आणि धुलाईखान्यातलं काम हे एकच तिचं स्वतःचं होतं. ते सुटलं, की आज ना उद्या मुकाट्याने सासरी परत जाणं आलं. हे तिला माहीत होतं आणि क्रेनवाल्यालाही.

मागच्या पडवीत खुंटीला तिची गिअरची सायकल टांगलेली होती. जाड टायरांची, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात स्प्रिंगा असलेली, डोंगर चढायची म्हणून घेतलेली. लग्नाआधी ती त्या सायकलवरून तो चढ एका दमात चढायची आणि वरून हात सोडून उतरायची. घणदादाने सायकल खाली काढली. गंज होता, पण सांगाडा सरळ होता.

"हिला मोटर लावतो," तो म्हणाला.

बॅटरीवाल्याचं दुकान चढाच्या वळणावर होतं. जाड भिंगांचा चष्मा, सतत चालणारी जीभ, आणि वीस वर्षांपूर्वी घणदादाच्या हातची एक थप्पड खाल्लेली. त्या थपडीचा तो चारचौघांत प्रमाणपत्रासारखा उल्लेख करी.

"या दादा. आज गाल कुठला पुढे करू?"

"जीभ आत ठेव. सायकलला मोटर पाहिजे. चढ चढणारी."

बॅटरीवाल्याने एक चाक काढलं. नेहमीचंच चाक, पण मधोमध, जिथे हब असतो तिथे, तव्याएवढी जाड मोटर. तिच्यातून एक वायर बाहेर आलेली. "हे पुढचं चाक. मागे गिअर आहेत, तिथली कटकट नको. हे चिमट्यात बसवायचं. ही बॅटरी सांगाड्याच्या मधल्या दांड्यावर. हा कंट्रोलर, सगळ्या वायरी याच्यात. ही मूठ पिळली की गाडी पळणार. आणि हे ब्रेक, दाबले की मोटरची वीज आपोआप तुटते. कळलं?"

"त्यात न कळायला काय आहे?"

"एक आहे." बॅटरीवाल्याने चष्मा वर केला. "साध्या सायकलचा आस नुसता बसून असतो. चाक फिरतं, आस गप्प. मोटरच्या चाकाचं तसं नाही. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते, तेवढ्याच जोराने स्वतःच्या आसाला मागे फिरवायला बघते. आस फिरला, की तो बसतो ती चिमट्याची खाच उघडली. खाच उघडली, की चाक बाहेर. आणि पुढचं चाक बाहेर, म्हणजे माणूस तोंडावर. म्हणून आसाला एक पोलादी पट्टी लावायची. एक टोक आसाला, दुसरं चिमट्याला बांधलेलं. आसाने फिरायचं म्हटलं, तरी पट्टी फिरू देत नाही. ती माझ्याकडे संपलीय. चार दिवसांनी येईल. तोवर चालवू नका."

"माझ्या हातचा नट चाळीस वर्षांत सुटलेला नाही."

"ते ट्रकचं लोखंड, दादा. हा चिमटा ॲल्युमिनियमचा आहे. त्याला तुमचा हात सोसायचा नाही."

"तुला सोसला ना?"

"मला घरी जाऊन तीन दिवस पातळ खावं लागलं," बॅटरीवाला म्हणाला. पण घणदादा तोवर पायरी उतरला होता.

दुपारभर त्याने काम केलं. सायकल उलटी ठेवली, पुढचं जुनं चाक काढलं. नव्या चाकाचा आस दोन बाजूंनी चपटा होता, आणि तरी चिमट्याच्या खाचेत केसभर मोठा होत होता. त्याने कानस घेतली. ॲल्युमिनियम लोण्यासारखं निघतं. पोलादावर जोर लावायची सवय झालेल्या हाताला ते समजलं नाही. दोन हात जास्तच फिरले. आस खाचेत आला, पण अंगात सैल सदरा यावा तसा. "नट आवळला की झालं," तो स्वतःशी म्हणाला. वॉशर घातले, नट चढवला, पान्याच्या दांडीत हातभर लांबीचा नळ अडकवला आणि पाटे आवळताना लावतो तसा सगळा भार टाकला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा चिमट्यातून बारीक आवाज आला. टक्.

पडवीत मिरच्या निवडणाऱ्या बायकोने मान वर केली. "काय मोडलं?"

"काही नाही. बसला."

"माझी बोटं मोडली तेव्हा असाच आवाज झाला होता," ती म्हणाली आणि परत मिरच्या निवडू लागली.

तीस वर्षांत ती पहिल्यांदा त्यावर बोलली होती. घणदादाने पाना खाली ठेवला. मग खडू उचलला आणि नटावरून थेट चिमट्यावर एक रेघ ओढली. ही कारखान्यातली जुनी पद्धत. नट तसूभर जरी हलला, तरी रेघ तुटलेली दिसते. नट खोटं बोलतो, माणूस बोलतो, रेघ बोलत नाही.

वायरी जोडल्या, बॅटरी चढवली, सायकल सरळ केली. त्याने अंगणात स्वतः बसून मूठ पिळली. सायकल अशी उसळली, की तो मागे पडता पडता राहिला. भिंगरी दारात बसून हसली. फाटक्या ओठाने, पण हसली. दोन फेऱ्या मारून तो उतरला आणि वाकून बघितलं.

रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा मागे गेला होता. आणि खाचेच्या कोपऱ्यातून केसासारखी एक चीर वर निघाली होती.

"झाली का?" भिंगरीने विचारलं.

"उद्या संध्याकाळी देतो. आज हात लावू नकोस." बॅटरीवाला बरोबर होता, हे मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. "पट्टी करायचीय एक. माझ्या हाताने करतो. चार दिवस कोण थांबतो?"

दुसऱ्या दिवशी त्याने तुटक्या कमानपाट्याचा वीतभर तुकडा कापला. भोक पाडलं, आसाच्या चपट्या अंगाला बेतून त्याला कानसत आणलं. आज तो दर चार हातांनी थांबून मोजत होता. दुपार कलली तेव्हा पट्टी तयार होती. उरलं होतं ते पाणी पाजायचं. लाल करून तेलात बुडवलं, की लोखंड कडक होतं. पट्टी भट्टीत पडली होती, निखाऱ्यांच्या रंगाला येत होती. सांडशी शेजारी.

तेवढ्यात फाटकाला लाथ बसली.

क्रेनवाला आत आला. उंच, रुंद, मनगटाला साखळी गुंडाळलेली. दारू प्यालेला नव्हता. त्याला मारायला दारू लागत नसे.

"मामा, माझी बायको बाहेर काढा."

"ती येणार नाही," भिंगरीची आई पुढे झाली. "जावई म्हणून आलात तर बसा. नाहीतर—"

त्याने तिला एका हाताने बाजूला लोटलं. ती पाण्याच्या पिंपावर आदळली, पिंप आडवं झालं, अंगणभर पाणी. भिंगरी दारात आली होती. तिने चौकट घट्ट धरली.

घणदादा दोघांच्या मधे उभा राहिला. हात रिकामे.

"घरी जा," तो म्हणाला.

"अरे वा! घणदादा हात जोडून बोलतात." क्रेनवाल्याने मागे वळून फाटकाबाहेर जमलेल्या दोघातिघांकडे बघितलं. "बघा रे. पाटे ठोकून ठोकून म्हाताराच चेपलाय." आणि त्याने थोबाडीत मारली.

साठ वर्षांत घणदादाला कुणी थोबाडीत मारली नव्हती. कान बधिर झाला. डोळ्यांपुढे ठिणग्या उडाल्या. घण दोन हातांवर भिंतीला टेकला होता. त्याच्या बोटांना घणाच्या दांड्याची जाडी न बघता ठाऊक होती. एक घाव. खांद्यावर घातला तर हात कायमचा लुळा. त्याने लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याच हाताकडे बघत होती.

त्याने हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत अडकवले.

दुसरी थप्पड बसली. मग पोटात गुद्दा. तो वाकला, पण हात मागेच राहिले. क्रेनवाल्याला त्यात मजा येईना. मारल्यावर माणसाने काहीतरी करावं, ओरडावं, रडावं, अशी त्याची सवय. तो थुंकला. मग त्याची नजर सायकलवर गेली.

"हे काय? मोटर लावलीय? बायकोला पळून जायला विमान केलंय!" त्याने सायकल धरली. "ही मी नेतो. बायको आपोआप मागून येईल. लंगडत."

तो सायकलवर बसला. मूठ हलकेच पिळून बघितली. सायकल पुढे सरकली, तसा तो खूश झाला. फाटकाबाहेर उजवीकडे उतार होता, आणि उताराच्या शेवटी मोठा रस्ता, ट्रकांनी भरलेला.

घणदादाला सगळं दिसत होतं. उतारावर हा मूठ पुरती पिळणार. चीर उघडणार. चाक निघणार. आणि खाली ट्रक. आपल्याला काही करायचंही नाही. बोटसुद्धा उचलायचं नाही. नुसतं गप्प राहायचं. लेकीची अट मोडत नाही. हात मागेच आहेत.

क्रेनवाला पाय टेकत टेकत सायकल फाटकाकडे नेत होता. एक पाऊल, दोन, चार. घणदादा गप्प होता. त्याला वाटलं नव्हतं इतकं सुख त्या गप्प राहण्यात होतं. सहा. आठ. पिंपापाशी पडलेली बायको उठून बसली होती आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. काल तिनेही तो आवाज ऐकला होता.

मग भिंगरी बोलली. हळूच. "बाबा, काय आहे त्या सायकलीत?"

तिने त्याचा चेहरा वाचला होता. लहानपणापासून तिला त्याच्या चेहऱ्यावर घाव यायच्या आधी येणारं ते जे काही होतं, ते ओळखता येत होतं. ते आताही तिथे होतं. हात मागे असूनही.

"ए! उतर!" घणदादा धावला. "उतर खाली! चाक निघेल, मरशील!"

क्रेनवाला खदाखदा हसला. "मामा, सायकल जाते म्हणून रडू येतंय का?"

घणदादाने फाटकातच पुढचा चिमटा दोन्ही हातांनी पकडला. "सोड!" म्हणून क्रेनवाल्याने साखळीचं मनगट त्याच्या डोक्यात घातलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. त्याने सोडलं नाही. दुसऱ्यांदा घातलं. त्याने सोडलं नाही. मग क्रेनवाल्याने मूठ शेवटपर्यंत पिळली, की म्हातारा फरपटत येईल.

चाक रोखलेलं, मोटर पुरी. सगळा जोर आसावर आला. ॲल्युमिनियम फाटलं तो आवाज टिनाचा पत्रा फाडल्यासारखा होता. आस खाचेत गरकन फिरला, वायर त्याच्याभोवती गुंडाळत गेली आणि तुटली, चाक तिरपं होऊन चिमट्यातून निसटलं आणि घणदादाचा उजवा पंजा आरे आणि चिमटा यांच्यामधे गेला. हाडं मोडल्याचं त्याने आधी ऐकलं, मग त्याला कळलं. सायकलचं तोंड जमिनीत रुतलं. क्रेनवाला हँडलवरून उडाला आणि फाटकाच्या लोखंडी पट्टीवर तोंडाने आपटला.

मग क्रेनवाला उठला. पुढचे दोन दात नव्हते, डावा खांदा खाली लोंबत होता. त्याने पडलेल्या घणदादाच्या बरगडीत लाथ घातली. "मला मारायला सापळा लावलास, म्हाताऱ्या!" दुसरी लाथ उचलली, आणि ती तशीच राहिली.

भिंगरी समोर उभी होती. सुजल्या पायावर भार देऊन. हातात सांडशी, सांडशीत लालभडक पट्टी. तिची धग त्याच्या मिशांपर्यंत पोचत होती.

"पुढे ये," ती म्हणाली. "ये ना. आज तू पड. जिन्यावरून पडलास म्हणून सांग सगळ्यांना."

तो एक पाऊल मागे सरला. ती एक पाऊल पुढे. तो परत मागे.

"भिंगरे," खालून घणदादाचा आवाज आला. "पट्टी तेलात टाक."

"काय?"

"रंग उतरतोय तिचा. आत्ता टाकली नाही, तर वाया जाईल. दिवसभर कानसलीय मी."

बापाच्या डोक्यातून रक्त वाहतंय, हात चाकात अडकलाय, आणि त्याला पट्टीची काळजी. भिंगरीच्या घशातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की रडण्याचा हे तिलाही सांगता आलं नसतं. नवऱ्यावरची नजर न हलवता ती भट्टीपर्यंत मागे गेली आणि पट्टी तेलाच्या डब्यात बुडवली. चर्र झालं, काळा धूर उसळला, अंगण दिसेनासं झालं. धूर विरला तेव्हा फाटकात क्रेनवाला नव्हता. त्याचे दात होते.

तासाभरात सगळ्या चढावर बातमी झाली, की घणदादाने जावयाला मारलं. कुणी विचारलंही नाही. इतक्या वर्षांची कीर्ती होती, तिला साक्षीदार लागत नाही. फाटकाबाहेर उभे राहून बघणाऱ्यांनीसुद्धा सांगितलं, की घण आम्ही डोळ्यांनी बघितला. संध्याकाळी हवालदार इस्पितळात आला. घणदादाचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"दादा, शेवटी मारलंतच," हवालदार म्हणाला. "तक्रार आहे. दोन दात, एक खांदा."

"मारलं नाही," भिंगरी म्हणाली. "हात मागे बांधून उभे होते. मी बघत होते. आणि हा माझा गुडघा, याचीही तक्रार लिहून घ्या. तीन वेळा पडले, तिन्ही वेळा तो तिथेच होता."

हवालदाराने घणदादाकडे संशयाने पाहिलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेली बायको उठली आणि तिने आपला डावा हात त्याच्यापुढे धरला.

"साहेब, यांनी मारलं असतं, तर दोनच दात पडले असते का? मला विचारा. मला अनुभव आहे."

हवालदाराने त्या दोन बोटांकडे बघितलं आणि तक्रारवही उघडली. घणदादाने भिंतीकडे तोंड केलं.

रात्र व्हायच्या आत त्याने लेकीला जवळ बोलावलं. त्याला एक गोष्ट पोटात ठेवून झोपायचं नव्हतं.

"तो सायकलवर बसला तेव्हाच मला माहीत होतं. चीर मी आदल्या दिवशी पाहिली होती. तो फाटकाकडे निघाला तरी मी बोललो नाही. मुद्दाम."

भिंगरीने विचारलं, "किती पावलं आहेत फाटकापर्यंत?"

"अकरा."

"आणि कितव्या पावलाला ओरडलात?"

"तू बोललीस तेव्हा. आठ झाली होती."

"आठ लक्षात ठेवीन मी," ती म्हणाली. "उरलेली तीनही ठेवीन." मग तिने त्याचं पांघरूण नीट केलं आणि आईला म्हणाली, "चल, घरी जाऊ. उद्या लवकर उठायचंय." तिने 'घरी' म्हटलेलं घणदादाने ऐकलं.

क्रेनवाल्याला पुढे काही महिन्यांची कैद झाली. सुटून तो दुसऱ्या गावच्या अड्ड्यावर गेला. पण ते नंतरचं. पहिल्याच आठवड्यात बॅटरीवाला आपणहून आला. भंगारातून मिळवलेला पोलादी चिमटा खांद्यावर, नवी वायर खिशात, आणि विकतची पट्टी हातात.

"सांगितलं होतं मी," तो म्हणाला आणि सवयीने एक पाऊल मागे सरकला.

"सांगितलं होतंस," घणदादा म्हणाला. "पुढे ये, आता तो हात प्लास्टरमध्ये आहे. चिमटा ठेव. पट्टी परत ने, माझी तयार आहे."

तयार म्हणजे एक काम उरलं होतं. नुसतं पाणी पाजलेलं पोलाद काचेसारखं असतं. कडक, पण फटका बसला की तुटणारं. ते परत मंद आचेवर धरून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. भिंगरीने पट्टी निखाऱ्यावर धरली, घणदादा शेजारी बसून रंग बघत राहिला. पिवळा आला, तपकिरी आला, जांभळा यायला लागला. "काढ," तो म्हणाला.

मग तिनेच चाक पोलादी चिमट्यात बसवलं, आसावर पट्टी चढवली, दुसरं टोक चिमट्याला बांधलं, नट लावला. पान्याला नळ अडकवायला गेली तर त्याने मान हलवली. "नळ नको. नुसता पाना." ती आवळत गेली. एक आटा. अर्धा. तिने दात आवळले, खांदा घातला.

चाळीस वर्षांची सवय त्याच्या तोंडाशी आली होती. आणखी एक. आणखी थोडं.

"बास," तो म्हणाला. "थांब आता. धरलंय त्याने."

तिने खडूने रेघ ओढली.

सकाळी ती चढ चढून कामावर गेली. सुजला पाय पायडलवर नुसता ठेवलेला, मूठ पाऊण पिळलेली, मोटर कुरकुरत. पहिल्या वळणावर एकदा तिने मागे बघितलं, मग दिसेनाशी झाली. घणदादा शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायची खटपट करत फाटकात उभा होता. जमेना.

"लावून दे की जरा," तो बायकोला म्हणाला.

"माझा हात मोडला होता तेव्हा माझी कोण लावायचं?"

त्याने आठवून बघितलं. "कुणी नाही."

"तेच." ती तशीच उभी राहिली, त्याला पुरतं कळेपर्यंत. मग पुढे आली आणि आपल्या वाकड्या बोटांनी, हळूहळू, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली.

प्लास्टर निघालं तेव्हा त्याचीही दोन बोटं सरळ होत नव्हती. घण परत नीट पेलला नाही. तो आता भट्टीवर बसून रंग बघतो आणि ठोकणाऱ्यांना कधी थांबायचं ते सांगतो. संध्याकाळी सायकल फाटकातून आत आली, की त्याचा एकच प्रश्न असतो.

"रेघ?"

भिंगरी वाकून बघते. ती पट्टीही बघते, नटही. "जागेवर."

मग तो मागे सरकून तिला वाट देतो.